मोडलेल्या पलटणीचा हिशेब

युद्धें कशीं पेटलीं यावर ग्रंथांमागून ग्रंथ निघतात. तीं कशीं विझलीं यावरहि थोडेबहुत निघतात. परंतु विझल्यानंतर उभ्या राहिलेल्या सैन्याचें काय केलें, कोणत्या कचेरीनें कोणत्या शिपायाच्या हातीं कोणत्या बंदरावर कोणता कागद ठेवला, आणि तो कागद घेऊन शिपाई कोठें गेला, ही हकीकत इतिहासकारांना कारकुनी वाटते व कारकुनांना शिळी वाटते. त्यामुळें ती बहुधा कोणीच सांगत नाहीं. परदेशांत राज्य करणाऱ्या सत्तेवर तेथल्याच लोकांची उभारलेली फौज मोडावयाची वेळ आली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या वचनांचा हिशेब तिला एकदम द्यावा लागतो. आणि आमच्या समजुतीप्रमाणें हा हिशेब जितका बेमालूम बुडविला जातो तितका दुसरा कोणताहि जात नाहीं.

हें आज लिहावयास कारण असें घडलें. येथील एका मंडळाच्या बैठकींत अंबोनी शिपायांचा विषय निघाला. आमचे एक विद्वान् स्नेही, ज्यांचा स्वातंत्र्यलढ्यांच्या इतिहासाचा व्यासंग मोठा आहे, ते म्हणाले, “पोटासाठीं आपल्याच बांधवांवर गोळ्या झाडणारे ते भाडोत्री लोक. शेवटीं धन्यानें त्यांना रस्त्यावर टाकलें, हा न्यायच झाला.” बैठकींतील पुष्कळांनीं माना डोलावल्या. आम्ही त्या वेळीं गप्प बसलों. घरीं आल्यावर त्या गप्प बसण्याची आमची आम्हांला लाज वाटली, म्हणून हें उत्तर.

प्रथम स्नेह्यांच्या म्हणण्यांत जेवढें खरें आहे तेवढें मोकळ्या मनानें कबूल करितों. डच सरकारची पूर्वेकडील शाही सेना १८३० सालीं उभी राहिली, ती परचक्राशीं लढण्यासाठीं नव्हे, तर त्या बेटांतील लोकांनाच धाकांत ठेवण्यासाठीं. १८७३ त सुरू झालेलें आचेचें युद्ध तिनें कित्येक वर्षें लढविलें व त्यांत जें क्रौर्य झालें त्याला आजचे डच लेखकहि पांघरूण घालीत नाहींत. १७ ऑगस्ट १९४५ रोजीं इंडोनेशियानें स्वातंत्र्य पुकारल्यानंतर, १९४७ च्या जुलैंत एकदां व १९४८ च्या डिसेंबरांत पुन्हां, डचांनीं त्या प्रजासत्ताकावर ज्या दोन स्वाऱ्या केल्या त्यांत ही सेनाहि होती. या स्वाऱ्यांना त्यांनीं ‘पोलीस कारवाई’ असें नांव दिलें. (तें नांव आमच्याहि कानांना अपरिचित नाहीं, मोठ्या गोष्टीला लहान नांव देण्याची विद्या सर्वच सरकारांना सारखीच येते.) दुसऱ्या स्वारीचा निषेध करण्यासाठीं १९४९ च्या जानेवारींत पंडित नेहरूंनीं दिल्लीस आशियाई राष्ट्रांची परिषद भरविली. त्या बाबतींत आमची सहानुभूति कोणाकडे आहे हें सांगावयास नकोच.

परंतु येथवर आल्यावर आमचे स्नेही थांबतात, आणि खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. भाडोत्री म्हणजे काय? ज्याचें भाडें ठरलें आहे तो. मग ज्यानें भाडें ठरविलें त्यानें तें चुकतें करावें, हें त्या शब्दांतच आलें. शेजाऱ्याचें शेत लुटावयास गडी लावणाऱ्या सावकाराला, गड्यानें पाप केलें या सबबीवर त्याची मजुरी बुडवितां येईल काय? तशी मुभा दिली तर लुटीचा माल सावकाराचा, आणि पुण्यहि सावकाराचेंच. शिपायाचें नैतिक पाप मोजावयाचें तर तें इंडोनेशियाच्या लोकांनीं मोजावें. त्यांना तो अधिकार आहे. हॉलंडच्या सरकारला तो कोठून आला?

शिवाय हे लोक सैन्यांत आले कसे, हेंहि पाहिलें पाहिजे. अंबोन व त्याच्या भोंवतालचीं मोलुक्का बेटें हीं लवंग-जायफळाचीं बेटें. डच तेथें सतराव्या शतकापासून होते. मिशन आणि शाळा आल्या, पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले, लवंगेचा व्यापार उतरणीस लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरुण मुलाला जी थोडीबहुत वाट उघडी होती ती छावणीची. लष्करी खात्यानें अंबोनी मनुष्य हा स्वभावतःच लढाऊ व राजनिष्ठ असतो असा सिद्धान्त बसविला, जाव्ही शिपायापेक्षां त्याला अधिक वेतन व अधिक चांगली वागणूक दिली, आणि कांहीं पिढ्यांनंतर तो सिद्धान्त खरा झाला. छावणींतच जन्म, छावणींतच शाळा, बाप हवालदार, आजा हवालदार. अशा मुलानें राजनिष्ठ न होऊन काय व्हावें? ज्याला आपण ‘निष्ठा’ म्हणतों तो पुष्कळ वेळां भरतीखात्याच्या नोंदवहींतला एक रकाना असतो.

महाराष्ट्राच्या वाचकाला हें समजणें कठीण जाऊं नये. मुंबई इलाख्याच्या फौजेंत महार शिपाई कंपनीच्या काळापासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ‘लढाऊ जातीं’चें शास्त्र बोकाळलें आणि त्यांची भरती बंद झाली, ती पुन्हां सुरू करावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त लष्करी माणसानें अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धांत माणसांची चणचण पडतांच तें शास्त्र गुंडाळून १९१७ त १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरल्यावर १९२१ त मोडली. दुसरें महायुद्ध आल्यावर १९४१ त पुन्हां महार रेजिमेंट उभी केली. एका समाजाला शाळा, पेन्शन व गांवांत ताठ मानेनें चालण्याची सोय ज्या चाकरींतून मिळत होती, ती चाकरी सरकारी टेबलावरून एकदां बंद होते, एकदां उघडते. या समाजाला ‘भाडोत्री’ म्हणण्याचें धैर्य आमच्या स्नेह्यांना होणार नाहीं. तें अंबोनी माणसाविषयीं होतें, तें तो दूरचा आहे म्हणून.

फारसा दूरचा नाहींहि. १९४५ च्या ऑक्टोबरांत जावा बेटांतील सुराबाया बंदरीं ४९ व्या हिंदी ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई उतरले. जपान्यांचीं हत्यारें काढून घ्यावयाचीं व कैदेंतील लोकांस सोडवावयाचें, एवढें सांगून त्यांना नेलें होतें. आणि थोड्याच दिवसांत तेथल्या स्वातंत्र्यवाद्यांशीं त्यांची अशी लढाई जुंपली कीं, ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी स्वतः मारले गेले. आपले सातारा-रत्नागिरीकडचे गडी तेथें कोणाच्या राज्यासाठीं पडले, हें त्यांना तरी कोणी सांगितलें होतें काय? १९४६ च्या अखेरीपर्यंत ब्रिटिश-हिंदी फौज तेथून निघाली. जे वांचले ते घरीं आले, कारण त्यांना परतावयास घर होतें व तें घर ज्या देशांत होतें तेथें त्यांना कोणी शत्रु म्हणत नव्हतें. अंबोनी शिपायाची गोष्ट याच ठिकाणीं वेगळी होते.

१९४९ च्या ऑगस्टपासून २ नोव्हेंबरपर्यंत हेग येथें गोलमेज परिषद भरली आणि २७ डिसेंबरला सत्तांतर झालें. शाही सेना सहा-सात महिन्यांत मोडावयाची असें ठरलें. ती २६ जुलै १९५० ला मोडली, त्या वेळीं तींत सुमारें पासष्ट हजार लोक होते. त्यांपैकीं सव्वीस हजारांच्या आसपास इंडोनेशियाच्या नव्या सैन्यांत सामील झाले. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध काल बंदूक धरली त्यांच्याच कवाइतींत आज उभे राहिले. हें अशक्य नव्हतें, ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. बाकीच्यांपैकीं बहुतेकांना चाकरींतून मोकळें केलें. मात्र जावांतील छावण्यांत सुमारें चार हजार मोलुक्की शिपाई बायकामुलांसह राहिले, आणि त्यांचें काय करावें हें कोणालाच समजेना.

त्यांची अडचण अशी होती. सैन्याच्या नियमाप्रमाणें मुदत भरलेल्या शिपायाला आपल्या पसंतीच्या ठिकाणीं चाकरींतून मुक्त होण्याचा हक्क होता. लहानसें कलम, बेटाबेटांतून माणसें गोळा करणाऱ्या फौजेंत तें असावयाचेंच. या शिपायांनीं सांगितलें, आम्हांला अंबोन येथें सोडा. पण २५ एप्रिल १९५० रोजीं तेथें दक्षिण मोलुक्काचें स्वतंत्र प्रजासत्ताक पुकारलें गेलें होतें आणि जाकार्ताचें सरकार तें मोडावयास निघालें होतें; कवाईत शिकलेले हजारों शिपाई तें तेथें उतरूं देईना, आणि त्याच्या जागीं दुसरें कोणतेंहि सरकार देतें ना. मग शिपाई म्हणाले, न्यूगिनींत सोडा. तो भाग डचांच्याच ताब्यांत होता. तेथें डचांची तयारी नव्हती. राहिलें जावा. तेथें सोडणें म्हणजे कालच्या शत्रूच्या स्वाधीन करणें. सरकारनें तूर्त त्यांना हॉलंडच्या मुख्य सैन्यांत तात्पुरते दाखल करून वेळ मारून नेली, आणि मग त्यांना जावांतच मोकळें करावयाचा घाट घातला. शिपायांच्या वतीनें हेगच्या न्यायालयांत दाद मागितली गेली. न्यायालयानें १९५० च्या अखेरीस निर्णय दिला कीं, या लोकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध इंडोनेशियाच्या ताब्यांतील मुलखांत चाकरींतून काढतां येणार नाहीं.

वसाहतीच्या शिपायाला राजधानींतल्या न्यायासनासमोर न्याय मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे, आणि डच न्यायाधीशांना तिचें श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु पुढें सरकारनें काय केलें तें पाहा. इंडोनेशियाच्या मुलखांत काढतां येत नाहीं काय? ठीक आहे, त्या मुलखाबाहेर नेऊन काढूं. १९५१ च्या फेब्रुवारीपासून सुमारें साडेबारा हजार माणसें, त्यांत साडेतीन हजारांच्या जवळपास शिपाई व बाकीचीं त्यांचीं कुटुंबें, जहाजांवर चढविण्यांत आलीं. हें जाणें लष्करी हुकमानें होतें. कोणी देशांतर करावयास निघाला नव्हता. बायकांनीं भांडीं बरोबर घेतलीं नाहींत, कारण सहा महिन्यांत परत यावयाचें होतें. पहिलें जहाज ‘कोटा इन्तेन’ २१ मार्च १९५१ ला रॉटरडॅमला लागलें. विषुववृत्ताखालचीं माणसें युरोपांतल्या मार्च महिन्याच्या थंडींत धक्क्यावर उतरलीं. आणि तेथें आल्यावर शिपायांना कळविण्यांत आलें कीं, तुमची लष्करी चाकरी संपली.

न्यायालयाचा हुकूम अक्षरशः पाळला गेला होता. ज्या कोणा अधिकाऱ्यानें ही युक्ति काढली असेल त्यानें त्या दिवशीं सुखानें जेवण केलें असेल. नियमाच्या कलमांत ‘पसंतीचें ठिकाण’ असें होतें. रॉटरडॅमचा धक्का कोणाच्या पसंतीचा होता? न्यायालयानें शिपायाला शत्रूच्या हातीं पडण्यापासून वांचविलें तें त्याला माणूस समजून. सरकारनें तोच निकाल त्याला पोचविण्याच्या पत्त्यासारखा वापरला. हुकमाचें अक्षर पाळून त्याचा अर्थ बुडविण्याचें याहून स्वच्छ उदाहरण आम्हांला ठाऊक नाहीं. आमचा आरोप हाच आणि एवढाच आहे. सैन्य मोडलें याबद्दल आमची तक्रार नाहीं. तें मोडावयासच हवें होतें. मोडतांना जो करार शिल्लक होता तो समुद्र ओलांडतांना पाण्यांत टाकला, ही आमची तक्रार आहे.

उतरविलेल्या कुटुंबांना ठेवावयास जागा पाहिजे होती. ती मिळाली वेस्टरबोर्क व फुख्त येथें. वाचकांना हीं नांवें कोठें तरी वाचल्यासारखीं वाटतील. हॉलंडमधील एक लाखाहून अधिक यहुदी लोकांना जर्मनांनीं ज्या छावणींतून पूर्वेकडे मरावयास पाठविलें ती वेस्टरबोर्कची. ॲन फ्रँक तेथूनच गेली. फुख्त ही तर नाझींची बंदीछावणीच होती. नांवें बदललीं, एकीला स्खाटेनबर्ग म्हणूं लागले, दुसरीला लुनेटेन. बराकी त्याच. स्वयंपाक सामाईक भटारखान्यांत, आणि प्रौढ माणसामागें आठवड्याला तीन गिल्डर हातखर्च. काल ज्याच्या बाहीवर फीत होती तो आज रांगेंत ताट घेऊन उभा. कामधंदा करावा तर तूर्त आलेल्या लोकांनीं इथें रुजूं नये असें सरकारचें धोरण, आणि आपलें काम जाईल म्हणून तेथल्या मजूरसंघांची कुरकुर. मग १९५६ त धोरण फिरलें: आतां आपलें आपण कमवा, आपलें आपण रांधा. त्यावर छावण्यांतून दंगा झाला. वरवर पाहतां हें चमत्कारिक वाटतें. फुकट जेवण सोडून कमवावयास सांगितलें तर रागावयाचें काय? पण चूल वेगळी मांडणें म्हणजे आपण येथलेच झालों, शिपाई राहिलों नाहीं, परत जावयाचें नाहीं, हें कबूल करणें होतें. सहा महिन्यांचा करार सरकार विसरलें असेल. ते विसरले नव्हते. स्खाटेनबर्गची छावणी १९७१ पर्यंत चालली. सहा महिन्यांचीं वीस वर्षें झालीं!

नागरिकत्वाचा घोळ निराळाच. इंडोनेशियाचा परवाना घ्यावयाचा नाहीं, हॉलंडचा मिळावयाचा नाहीं, अशीं कित्येक कुटुंबें कोणत्याच देशाचीं उरलीं नाहींत. ज्या राणीच्या नांवानें शपथ घेतली तिच्याच राज्यांत परके. त्यांना डच नागरिकांप्रमाणें वागवावें असा कायदा झाला तो १९७६ सालीं.

येथें दुसरा आक्षेप येतो, आणि तो आमच्या स्नेह्यांच्या आक्षेपापेक्षां अधिक सभ्य असल्यामुळें अधिक फसवा आहे. तो म्हणतो कीं, हॉलंड लहान देश, पांच वर्षांच्या जर्मन अंमलाखालीं भरडलेला. घरांची टंचाई, अमेरिकेचा दाब. बिचाऱ्या सरकारनें दुसरें काय करावयाचें होतें? या ‘नाइलाजा’ला आम्ही फार कंटाळलों आहों. परत पाठवितां येणार नाहीं हें १९५१ च्या मार्चमध्यें कोणाहि समंजस मंत्र्याला दिसत होतें. अंबोन शहर आदल्या नोव्हेंबरांतच पडलें होतें. तें खरें तें तोंडावर सांगावयाला किती गिल्डर लागले असते? शिपायाला त्याच्या हुद्द्यानें, गणवेशानें, थोडे महिने तरी चाकरींत ठेवून मग सन्मानानें निरोप द्यावयाला किती लागले असते? साडेतीन हजार माणसें म्हणजे कांहीं अक्षौहिणी नव्हे. टंचाई होती ती पैशाची नव्हती.

हा डचांचाच स्वभावदोष म्हणून सोडून द्यावा, तर तसेंहि नाहीं. फ्रेंचांकडे पाहा. जर्मनांच्या कैदेंतून सुटलेले पश्चिम आफ्रिकेचे शिपाई १९४४ च्या नोव्हेंबरांत डाकारजवळ थियारोय येथील छावणींत आणून ठेवले. त्यांचें मागणें इतकेंच कीं, कैदेंतल्या वर्षांचा थकलेला पगार मोकळे करण्यापूर्वीं द्या. १ डिसेंबरला सकाळीं त्यांच्यावर फ्रेंच सैन्यानेंच गोळीबार केला. सरकारी आंकडा पस्तीस मेल्याचा. इतिहासकार तो फार कमी समजतात. उरलेल्यांपैकीं चौतीस जणांना लष्करी न्यायालयानें शिक्षा ठोठावल्या. फ्रान्सच्या अध्यक्षांनीं या प्रकाराला ‘कत्तल’ म्हटलें तें २०२४ सालीं, ऐंशी वर्षांनीं. हे शिपाई कोणाच्या स्वातंत्र्यावर चालून गेले नव्हते. ते फ्रान्ससाठीं हिटलरशीं लढले होते. मग त्यांनाहि ‘न्यायच झाला’ काय? शिपायाची बाजू बरी कीं वाईट यावर हा हिशेब अवलंबून नसतो, असें यावरून आमच्या स्नेह्यांच्या ध्यानांत यावें.

अंबोनींची पुढची कथा जगाला माहीत आहे ती रेल्वेगाड्यांमुळें. त्यांच्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष सौमोकिल यांना १९६६ च्या एप्रिलांत इंडोनेशियानें गोळी घातली. बराकींत वाढलेल्या पोरांनीं डिसेंबर १९७५ मध्यें वेइस्टरजवळ गाडी अडवून तीन निरपराध माणसें मारलीं. मे १९७७ त द पुंट येथें पुन्हां गाडी अडविली, त्याच वेळीं बोव्हेन्स्मिल्ड येथें शाळेंतलीं मुलें ओलीस धरलीं. वीस दिवसांनीं लष्करानें गाडीवर हल्ला केला, त्यांत सहा अडविणारे व दोन प्रवासी ठार झाले. शाळेंतल्या पोरांना ओलीस धरणाऱ्याची वकिली आमच्यानें होणार नाहीं. ती कोणीहि करूं नये. परंतु त्या गाड्यांच्या बातम्यांनीं भरलेल्या वर्तमानपत्रांत, या पोरांचे बाप रॉटरडॅमच्या धक्क्यावर काय कागद घेऊन उतरले होते, याची आठवण किती थोड्या संपादकांना झाली! बाप तीस वर्षें कपाटांत गणवेशाची घडी ठेवून गप्प बसतो, मग मुलगा बंदूक शोधतो. १९८६ त सरकारनें मोलुक्कींच्या पुढाऱ्यांशीं करार केला आणि पहिल्या पिढीच्या लोकांना वर्षाला दोन हजार गिल्डर मानधन द्यावयाचें ठरविलें. ही रक्कम घेणारे हात तोंवर म्हातारे झाले होते.

आणखी एक रक्कम राहिली होती. ८ मार्च १९४२ ला डचांच्या पूर्वेकडील फौजेनें जपानला शरणागति दिली, तेव्हांपासून जपानच्या पराभवापर्यंत कैदेंत किंवा लपून काढलेल्या काळाचा पगार त्या फौजेच्या शिपायांना व तेथल्या सरकारी नोकरांना कधीं मिळालाच नाहीं. हॉलंड म्हणे, तो इंडोनेशियानें द्यावा. इंडोनेशिया म्हणे, आमचा काय संबंध? दोन टेबलांमध्यें तो कागद सत्तर वर्षें फिरत होता. अखेर २०१५ त डच सरकारनें प्रत्येकीं पंचवीस हजार युरो द्यावयाचें जाहीर केलें. अट एकच होती: अर्जदार १५ ऑगस्ट २०१५ या दिवशीं हयात असला पाहिजे. आदल्या दिवशीं जो वारला त्याच्या विधवेला कांहीं नाहीं.